अकरा नंबरची जोडी

माझी तीन वर्षांची मेहनत एक अनोळखी माणूस फुंकर मारून मारून पीत होता.

बाहेर सकाळपासून रिपरिप चालली होती. आमच्या मृदा विभागाच्या चहाच्या खोलीत खिडकीच्या काचा धुरकटल्या होत्या आणि हा उंच प्राणी ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकून निवांत बसला होता. त्याच्या कपाच्या कडेवरून दोन दोरे लोंबत होते. दोऱ्यांना माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. अकरा-हिरवी. अकरा-तांबडी.

“हे... हे काय केलंत तुम्ही?”

“चहा,” तो म्हणाला. “घेणार?”

“अहो, त्या प्यायच्या नव्हत्या!”

“तरीच!” त्याने कपात डोकावून पाहिलं. “हिरवी अगदीच फिकी लागली, म्हणून तांबडीही टाकली. दोघी एकत्र आल्यावर मात्र चव बरी झालीये.”

“त्या दोघींना एकत्र ठेवायचंच नसतं!”

“का? भांडतात?”

मी हसू नये म्हणून ओठ चावला आणि मग रागाच्या भरात त्याला उभ्या उभ्या एक व्याख्यानच ऐकवलं. उत्तर टोकाकडची जमीन बारा महिने गोठलेली असते. उन्हाळ्यात तिचा वरचा गुडघाभर थर काय तो मऊ पडतो. खाली हजारो वर्षांपूर्वीची पानं, मुळं, शेवाळ जसंच्या तसं पडून आहे, कारण ते कुजवणारे जिवाणू गारठून झोपलेत. जमीन तापू लागली की ते उठणार, खायला बसणार, आणि त्यांच्या त्या खाण्यातून सुटलेला वायू हवा आणखी तापवणार. ते किती जागे झालेत हे ओळखायचं कसं? तर त्यांना वाढून बघायचं. वजन केलेल्या टी-बॅगा मातीत पुरायच्या, उन्हाळा सरताना उकरायच्या, वाळवून पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं त्यांच्या पोटात गेलं. हिरव्या चहाची त्यांना लवकर पचते, तांबड्या चहाची उशिरा, म्हणून जोडी. अशा पन्नास जोड्या मी तोलून, नंबर घालून, वजनकाट्याच्या खोलीत रंगकाम चाललं होतं म्हणून घटकाभर इथल्या टेबलावर ठेवल्या होत्या.

“म्हणजे मी जिवाणूंच्या पानावरचं पळवलं,” तो गंभीरपणे म्हणाला.

“हो!”

“मग माझंच वजन करा ना. वाढलं असेल तेवढं अकरा नंबरपुढे लिहून टाका.”

चोर तो चोर आणि वर शिरजोर. तो उत्तरेच्या संशोधन केंद्रावर निघालेला नवा इलेक्ट्रिशियन होता आणि वैद्यकीय तपासणीसाठी आमच्या इमारतीत आला होता. तपासणीची खोली तिसऱ्या मजल्यावर, हा चुकून दुसऱ्यावर. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं... चहाचोर.

दुसऱ्या दिवशी तो दंड म्हणून दोन नवी खोकी घेऊन हजर. एक हिरव्याचं, एक तांबड्याचं.

“उपयोग नाही,” मी म्हटलं. “माझा सगळा चहा एकाच खेपेतला आहे. दुसऱ्या खेपेचा चालत नाही.”

“मग अकरा नंबरची जागा?”

“रिकामी राहणार.”

त्याचा चेहरा खरंच पडला. “असं नका म्हणू,” तो हळूच म्हणाला. “रिकाम्या जागा मला बघवत नाहीत.”

त्यानंतरच्या आठवड्यात माझीच जागा रिकामी झाली. केंद्रावर जाणाऱ्या विमानात वजन मोजून मापून चढवतात. ऐन वेळी जनरेटरचा एक अवजड भाग न्यायचं ठरलं. तो चढला आणि मी उतरले. ज्या जमिनीसाठी मी तीन वर्षं राबत होते, ती या वर्षीही मला दिसणार नव्हती. मी दार लावून पोटभर रडले. मग तोंड धुऊन आमच्या विभागप्रमुखांसमोर जाऊन बसले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि त्या आहेतही तशाच.

“टी-बॅगा पुरायला पीएचडी लागत नाही,” त्या म्हणाल्या. “जाणाऱ्यांपैकी कुणाला तरी शिकव.”

जाणाऱ्यांत स्वयंपाक्याची पाठ धरलेली होती आणि डॉक्टरांना नखात माती गेलेली खपत नव्हती. उरलं कोण? ज्याला कुलूप लावायचं, त्याच्याच हाती किल्ली!

मागच्या अंगणात आमची शिकवणी सुरू झाली. माती ओली, आकाश भरलेलं, आणि तो गुडघे टेकून समोर.

“चार बोटं खोल,” मी दाखवलं. “हिरवी इथे. आणि तांबडी तिच्यापासून एक वीत लांब. त्याहून जवळ नाही. एकीचा रस दुसरीत उतरला तर कुणाचं किती खाल्लं ते कळत नाही.”

“वीत तुमची की माझी?”

त्याने पंजा पसरला. त्याची वीत म्हणजे माझी दीड. मी म्हटलं, “माझी.”

“मग ती सोबत न्यायला हवी.” त्याने खिशातून काळी चिकटपट्टी आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला. “हात ठेवा यावर... बोटं ताणून. हां, अश्शी.”

त्याने माझ्या अंगठ्याच्या टोकाशी एक पट्टी गुंडाळली, करंगळीच्या टोकाशी दुसरी. गुंडाळताना त्याची बोटं माझ्या करंगळीला लागली. चिखलाने माखलेली, गार बोटं. मी हात काढला नाही. शास्त्रीय कामात घाई बरी नव्हे, असं मी स्वतःला बजावलं.

“झालं?” मी विचारलं.

“झालं असतं,” तो म्हणाला, “पण पुन्हा एकदा मोजून घेतलेलं बरं... नाही का?”

पाच दिवसांत शिकता येईल एवढंसं काम, आम्ही तीन आठवडे शिकत होतो. घरी आल्यावर नखांतली माती घासताना मी गुणगुणत असे, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. वहिनीच्या आलं.

“आई, ऐकलंत का?” तिने स्वयंपाकघरातूनच आईला हाक मारली. “वन्संच्या अंगणात पाणी मुरतंय कुठंतरी.”

“मुरू दे बाई,” आई म्हणाली. “इतकी वर्षं नुसता दगडच लागत होता.”

त्याच्या निघण्याच्या दिवशी मी इमारतीच्या फाटकापाशी गेले. सामानाची गाडी भरत होती. मी आदल्या दिवसापासून वाक्यं जुळवली होती. चांगली तीन-चार होती, एक तर फारच छान होतं. तो समोर येऊन उभा राहिला आणि माझ्या तोंडून निघालं, “चार बोटं. एक वीत. विसरू नका.”

“नाही विसरणार. आणखी काही?”

“...मोजे ओले होऊ देऊ नका.”

तो हसला, छातीवरच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर वर काढून दाखवला आणि म्हणाला, “तुमचा हात घेऊन चाललोय. सांभाळून आणीन.”

गाडी वळली. मी तिथेच उभी राहून स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

केंद्राचा फोन आठवड्यातून एकदा येई, तोही मोठ्या बाईंच्या खोलीत, स्पीकरवर. आपलं बोलणं तिकडे पोचायला आणि उत्तर यायला मध्ये एक अख्खा श्वास जाई. त्या श्वासात मी काय काय ऐकून घेत असे!

“जमीन कशी आहे?” मी विचारायची.

“भिजलेल्या गादीवर चालल्यासारखी,” तो सांगायचा. “डास एवढे की जेवताना मोजून घ्यावे लागतात. सूर्य मावळायचं नावच घेत नाही. आणि खड्डा खणला की वास येतो... जुनी पेटी उघडल्यासारखा. तुम्ही इथे असायला हव्या होतात.”

मोठ्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत. मी मातीत खुपसलेल्या थर्मामीटरचे आकडे मागत असे.

उन्हाळा सरत आला. सगळ्या जोड्या उकरून झाल्या. आणि त्या आठवड्यात फोनवर तो नेहमीसारखा हसला नाही.

“इथल्या दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला घरी जावं लागतंय. मला विचारलंय, हिवाळा आणि पुढचा उन्हाळा थांबशील का. उद्या उत्तर द्यायचंय, त्यासाठी उद्या पुन्हा फोन मिळेल.” एक श्वास गेला. “तुम्ही म्हणाला होतात, एका उन्हाळ्याच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. मी थांबलो तर दुसऱ्या वर्षाचेही मिळतील. तुमचं काम पुरं होईल. सांगा... थांबू की येऊ?”

मोठ्या बाईंचे डोळे लकाकले. फोन ठेवल्याबरोबर त्या म्हणाल्या, “अगं, देव पावला! पुढच्या वर्षी तुझं विमानातलं काही खरं नाही. हा असला तर काम झाल्यातच जमा.”

त्या बोलत होत्या त्यात एक अक्षर चूक नव्हतं. एका उन्हाळ्याचं काय, एखादा उन्हाळा मुळातच लहरी निघतो. दुसरं वर्ष हातचं गेलं तर माझी तीन वर्षं अर्धवट राहणार होती. आणि तो थांबला तर आणखी एक वर्ष आठवड्यातून एकदा एक श्वास.

संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“कामासाठी त्याने थांबायला हवं,” मी म्हटलं. “सरळ आहे.”

“सरळ आहे तर माझ्या धुतलेल्या टॉवेलला नाक का पुसतेयस?” तिने टॉवेल काढून घेतला. “वेडाबाई, चहाच्या पुड्यांसाठी कुणी वर्षभर बर्फात बसत नाही. तो तुला कामाचं विचारतच नाहीये. कुणी वाट बघतंय का, एवढंच विचारतोय.”

“आणि माझं काम?”

“काम तुझं आहे ना? मग तू जा की पुढच्या वर्षी. तो भाग चढला म्हणून तू गुपचूप उतरलीस. भांडलीस कधी?”

नव्हते भांडले. मी फक्त चहाचोरांशी भांडते.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा खोलीत मोठ्या बाई होत्या, हिशेबनीस होते, आणि फायली शोधण्याचं नाटक करणारे आणखी दोघं. मी स्पीकरच्या अगदी जवळ गेले.

“हॅलो... काय सांगू त्यांना?” तो म्हणाला.

“परत ये,” मी म्हटलं.

एक श्वास. दोन.

“आवाज तुटतोय. काय म्हणालात?”

“परत ये!”

“खरखर फार आहे... जरा मोठ्याने—”

“परत ये म्हणतेय ना!” मी ओरडले. “दुसऱ्या वर्षाच्या जोड्या मी स्वतः येऊन पुरेन. माती हजार वर्षं थांबलीये, ती आणखी एक वर्ष थांबेल. माझ्याच्याने नाही थांबवत. मला तू हवा आहेस. इथे. समोर. कळलं?”

हिशेबनीसांच्या हातातली फाईल उलटी होती. मग दूरवरून, एक श्वास उशिरा, तो हसला.

“पहिल्यांदाच ऐकू आलं होतं,” तो म्हणाला. “पण असं रोज रोज कोण ऐकवतं?”

फोन ठेवून मी मोठ्या बाईंकडे वळले. कान तापले होते, पण आता माघार नव्हती. “पुढच्या वर्षी विमानात मला जागा हवी,” मी म्हटलं. “जनरेटरचा भाग चढला तरी. लेखी हवी.”

“अगं हो, हो!” त्या म्हणाल्या. “केंद्राची खिडकी फुटेल एवढ्या आवाजात सांगितलंस. देते.”

तो आला तेव्हाही रिपरिप चालूच होती. दाढी वाढलेली, नाकाचं सालटं निघालेलं, आणि खिशातून डोकावणारा तो स्क्रूड्रायव्हर. माझ्या वजनकाट्याच्या खोलीत त्याने टेबलावर पेटी ठेवली. आम्ही एकमेकांकडे बघून उगाचच हसलो. फोनवर एवढी ओरडणारी मी, आता मला साधं “कसा आहेस” म्हणता येईना. म्हणून मी पेटी उघडली.

एकेका पाकिटात एकेक टी-बॅग, नंबरासकट, नीट वाळवलेली. दहा-हिरवी, दहा-तांबडी. बारा-हिरवी, बारा-तांबडी. आणि तळाशी एकच पाकीट निराळं. त्यावर त्याच्या अक्षरात नुसतं ‘अकरा’.

“हे काय?”

“दंडाची खोकी होती ना माझ्याकडे... त्यातली एक जोडी पुरली. जागा रिकामी राहिली होती म्हणून.” तो मान खाली घालून स्क्रूड्रायव्हरशी चाळा करत होता. “बाकीच्या सगळ्या वीत मोजून पुरल्या, शप्पथ. पण या दोघींना तेवढं...”

मी पाकीट उघडलं. दोन्ही टी-बॅगा एकाच खड्ड्यात, एकमेकींना खेटून पुरलेल्या. आणि मधल्या उन्हाळ्यात तिथल्या कुठल्याशा खुरट्या झुडपाचं केसासारखं बारीक मूळ एकीतून शिरून दुसरीतून बाहेर पडलं होतं, परत वळलं होतं, पुन्हा शिरलं होतं. कुणी टाके घालावेत तशा दोघी शिवल्या गेल्या होत्या.

“मी सांगितलं होतं, एक वीत,” मी म्हटलं.

“सांगितलं होतंस. पण तिथल्या मातीत फार थंडी होती गं. एवढ्या थंडीत त्यांना लांब लांब ठेवायला जीव होईना.” त्याने वर पाहिलं. “आणि मला फाटकापाशी बोलता आलं नव्हतं. म्हटलं, यांना तरी...”

“मलाही नव्हतं आलं. एक वाक्य तर फारच छान होतं.”

“कोणतं?”

“विसरले,” मी म्हटलं. “तू आवडतोस, असं काहीतरी होतं.”

टेबलावर माझ्या हाताशेजारी त्याने आपला हात ठेवला. मध्ये वीतभर जागा होती. मग नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याने चिमटा उचलला आणि त्या जोडीकडे बघत विचारलं, “आता यांचं वजन कसं करायचं? सुट्या करायला गेलं तर दोघीही फाटतील.”

“मग नको करूस,” मी म्हटलं. “राहू दे तशाच.”