तुडुमावरची जागा

हरिदास कंडक्टरची हनुवटी पहिल्यांदा आपल्या मनानं हलली ती नागभीडच्या स्टँडवर, पोह्याच्या गाडीपाशी. त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. स्टँडवर तोंड न हलवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. कोणी खर्रा चघळतो, कोणी नुसताच बोलतो. पण पोहे संपले, पाणी पिऊन झालं, तरी हनुवटी आपली चालूच. खाली, डावीकडे, मग जीभ उजव्या गालात. ड्यूटी संपल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं जणू.

महिन्याभरात तिनं पूर्ण वेळ काम धरलं. जेवताना घास एकीकडे आणि जबडा दुसरीकडे. दाताखाली जीभ यायची आणि भात लाल व्हायचा. हरिदास पेजेवर आला, पँट पट्ट्यावर आली, पट्ट्याला नवं भोक पडलं. पुण्याहून मुलाचा, निकेशचा, व्हिडिओ कॉल आला तर तो म्हणाला, "बाबा, नेटवर्क खराब आहे. तुमचं तोंड हलते, पण आवाज येत नाई." नेटवर्क चांगलं होतं.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग सांगितलं की मेंदू कधीकधी जबड्याला आणि जिभेला नको ते हुकूम देतो. एखाद्या औषधानं होतं, कधी कशानंच होत नाही. बायको गेल्यावर हरिदासनं उलटीच्या गोळ्या पुष्कळ खाल्ल्या होत्या; असेल त्यानंही. नागपूरला जबड्यात इंजेक्शन देतात, नट्या सुरकुत्यांसाठी घेतात तेच. हरिदास म्हणाला, माझ्या सुरकुत्या राहू द्या, भात तेवढा जाऊ द्या. नागपूरची तारीख मिळाली, पण दूरची.

तोवर रजेवर होता, वेळ घालवायला तो तलावाच्या पाळीवर जाऊन बसू लागला. घरी बसून तरी काय करणार? घरात दोन माणसांची भांडी होती आणि एका माणसाचा आवाज, तोही आता धड निघत नव्हता.

बसायचा तो तुडुमाच्या दगडावर. तुडुम म्हणजे शेताला पाणी सोडायचं दार. तलाव तिथं सगळ्यात खोल. दगड लांबट, दोघांपुरता. ही त्याच्या बायकोची, सीताची जागा. गावातल्या ढीवर बायांच्या सोसायटीनं तलाव मासेमारीला घेतला तेव्हापासून जाळं ओढताना ती इथं उभी राहून हुकूम द्यायची. हुकूम आवाजात नाही. जाळं पाण्यात असताना बोललं की मासोळी पळते, म्हणून या बाया नुसत्या तोंडानं बोलायच्या. हनुवटी पाडली की ढील द्या. जीभ गालात गेली की त्या बाजूला ओढा. खालचा ओठ पुढे काढून मान झटकली की सरका. एवढ्याशा खुणांतून त्यांनी हळूहळू सगळी बोली उभी केली होती. सासवा, जावा, उसनी साखर, सगळं या काठावरून त्या काठाला बिनआवाजी जायचं. हरिदासला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो जन्मभर एसटीत, "चला, आत सरका, जागा आहे," असं ओरडत राहिला. तो ड्यूटीवर असतानाच सीता याच दगडावरून घसरली. बायांनी तिला जाळ्यानंच बाहेर काढलं. तेव्हापासून त्या दगडावर कोणी बसत नव्हतं. हरिदासला ते सोयीचं पडलं.

एक दिवस पलीकडे जाळं ओढणं चालू असताना बाया मध्येच थबकल्या, त्याच्याकडे पाहू लागल्या, आणि जाळं डावीकडे वळलं. जाळं काठाला आलं तेव्हा ते बायांना उचलेना, मासोळीनं इतकं जड. थोड्या वेळानं कुंता पाळीवर चढून आली. ही सीताची मैत्रीण, जाळ्याचं पहिलं टोक धरणारी.

"काऊन भाऊ, तुमाले कोणं शिकवलं?"

"काय?"

"डावीकडं ओढा म्हणलं तुमी. मंग मले नावानं हाक मारली."

हरिदास म्हणाला, ही बिमारी आहे, डॉक्टरचा कागद आहे. कुंतानं कागद पाहिला नाही. ती त्याची हनुवटी पाहत होती. सीतानं कुंताला एक नाव ठेवलं होतं, नुसतं ओठांत घ्यायचं. ते कधी कोणाच्या आवाजात उमटलं नव्हतं. हरिदासच्या तर ते कानावरही गेलं नव्हतं, जाणार कसं?

"भाऊ," कुंता हळूच म्हणाली, "हे तुमी नाई बोलून राह्यले."

दुसऱ्या दिवसापासून बाया घरी येऊ लागल्या. हरिदासनं खुर्च्या पुसल्या, चहा ठेवला, दूध वाढवलं. इतकी माणसं या घरात दिवसकार्यानंतर आली नव्हती. बाया समोर बसायच्या, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायच्या आणि आपापली तोंडं हलवायच्या. कधी पदरात तोंड घालून हसायच्या, कधी डोळे पुसायच्या. ज्याच्या तोंडावर हे सगळं चाललं होतं त्याला काय गंमत झाली ते कळायचं नाही. तोही आपला शिष्टाचार म्हणून हसायचा. एकदा त्यानं कष्टानं आवाज काढून साखर कमी झाली का म्हणून विचारलं, तर कुंतानं हात वर केला. "थांबा भाऊ. तिले बोलू द्या."

त्याच्या डोळ्यांकडे कोणी पाहत नव्हतं. गाडीत माणसं खिडकीतून बाहेर पाहतात, काचेकडे थोडीच पाहतात.

दाढीच्या आरशापुढे बसून तो आपलंच तोंड वाचायचा प्रयत्न करू लागला. एकच शब्द ओळखू आला, सरका. तो त्याचाच होता म्हणा ना.

नागपूरची तारीख आली तेव्हा त्यानं कुंताला एकटीला गाठून विचारलं, "माह्यासाठी काई म्हणते का?"

कुंतानं कपात पाहिलं. "नाई भाऊ."

"इचारा तिले."

कुंतानं विचारलं. बराच वेळ तिची हनुवटी हलत होती. आणि हरिदासची थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. जीभ तळाशी निजली, दातावर दात बसला. तो श्वास धरून वाट पाहत राहिला, आतून कोणी येतं का म्हणून.

मग हनुवटी पुन्हा सुरू झाली.

"काय म्हणते?"

"मासोळीच्या बियाचं म्हणते," कुंता म्हणाली. "औंदा तलावात लौकर टाका म्हणते."

हरिदास मोठ्यानं हसला. मग उठून पिशवी भरू लागला. कुंता दारात उभी राहिली. आम्हाला तिला पाहायची एवढीच जागा आहे, इंजेक्शन घेऊ नका, असं तिचं म्हणणं.

"मले जेवाचं हाय, कुंताबाई," तो म्हणाला.

इंजेक्शन लागू पडलं. जबडा हळूहळू ढिला झाला, मग गप्प. हरिदासनं बोटवा मासोळीचा रस्सा केला, ताटभर भात कालवून खाल्ला आणि ताट धुऊन पालथं घातलं. जीभ शाबूत होती. बोलताही येत होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं. बाया येईनाशा झाल्या. खुर्च्या त्यानं काही दिवस तशाच ठेवल्या, मग एकात एक घालून कोपऱ्यात लावल्या.

एका सकाळी तो पुन्हा पाळीवर गेला आणि दगडाच्या मधोमध बसला. ऊन कोवळं होतं. पलीकडे जाळं पाण्यात उतरलं होतं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मग कुंता थबकली. एकेक करून सगळ्याच.

हरिदासनं हनुवटीला हात लावला. ती हलत नव्हती.

बाया त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हत्या. त्या पाहत होत्या त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. दगडाच्या डाव्या, रिकाम्या बाजूला.

त्यांनी माना डोलावल्या. जाळं डावीकडे वळलं.

कुंता हसली. कशावर तरी, नेहमीसारखं, पदर तोंडाला लावून. मग हसू ओसरलं. तिनं तोंड हलवून काहीतरी विचारलं, उत्तर पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी सरळ हरिदासच्या डोळ्यांत पाहिलं. खालचा ओठ पुढे काढला, मान झटकली.

सरका.

एवढं त्याला वाचता येत होतं. शेवटी त्याच्यासाठी काहीतरी आलं होतं. हरिदास सरकला. गाडी कितीही भरलेली असो, जागा नाही असं त्यानं जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं.

कुंता त्याच्या शेजारी पाहत राहिली. मग पुन्हा तोच ओठ, तीच मान.

हरिदासनं उजवा हात टेकायला बाजूला नेला. हाताखाली दगड लागला नाही. खाली तुडुमाचं पाणी होतं.

तो आणखी थोडा सरकला.