मुहुरूच्या पोटातले दोन पाऊस

पायी माती, माथी आभाळ,
पोटात दडवी सालोसाल;
तोंड नाही, तरी बोलतं,
ओळखा कोण रानात डोलतं?

हे कोडं वसुधा आत्यानं चैतीला घातलं, तेव्हा चैती उणीपुरी चार वर्षांची होती. उत्तर तिला लगेच सुचलं होतं. आलापल्लीच्या सागवनाच्या कुशीत वाढलेल्या पोरीला झाड ओळखायला कितीसा वेळ लागणार! पण आता चैती अकरा वर्षांची झाली होती, आणि सन दोन हजार एकोणपन्नासच्या ऑक्टोबरात, घरापासून हजारो मैल दूर, एका झाडानं स्वतःच नवं कोडं घातलं. या खेपेला उत्तर आत्यालाही येईना.

त्याचं असं झालं.

आत्या, म्हणजे डॉक्टर वसुधा मडावी, रानाची शास्त्रज्ञ. केनिया पर्वताच्या पूर्व उतारावर मेरू नावाचा हिरवागार मुलूख आहे. तिथल्या एका वनविद्यालयात बसून ती गेली तीन वर्षं एकच काम करत होती. हवामान बदलतंय, तर रान कसं राखायचं, कुठं कोणतं झाड लावायचं, हे शिकवणारे पाठ ती तयार करत होती. आफ्रिकेतल्या सत्तावीस वनविद्यालयांत ते शिकवले जाणार होते. पाठ कसले, जादूच म्हणा ना! पेटी उघडली की वर्गाच्या मधोमध उजेडाचं झाड उभं राहायचं, आणि विद्यार्थ्यानं हात लावला की खोड उघडून पोटातलं सगळं दाखवायचं.

दिवाळीच्या सुट्टीत चैती आत्याकडे आली, ती नेमकी पाठ पाठवायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पेट्या रवाना व्हायच्या होत्या.

त्या दिवशी सकाळीच दोघी मामा मकेनाच्या रोपवाटिकेत गेल्या. सोबत होता सुतार. सुतार म्हणजे यंत्रमानव. पाय बगळ्यासारखे, चोच सुतारपक्ष्यासारखी, आणि बोलणं एखाद्या जुन्या मास्तरांसारखं. समोरच्याची भाषा ऐकून तो ती दुसऱ्याच्या कानात त्याच्या भाषेत उतरवायचा.

"आत्या, मामा म्हटलंस आणि या तर बाई आहेत!" चैती कुजबुजली.

"इथं मामा म्हणजे आई गं. वडीलधाऱ्या बाईला मानानं मामा म्हणतात."

"बाप्पा! मग इथल्या मामाला काय म्हणतात?"

"ते विचारायला मला तीन वर्षांत सवड झाली नाही," आत्या हसली.

मामा मकेना साठीची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. तिच्या वाटिकेत काळ्या पिशव्यांतून चार हजार रोपं उभी होती. सगळी एकाच झाडाची, मुहुरूची. हाताच्या बोटांसारखी पाच पाच पानं. चैतीनं एक पान चुरगाळून नाकाशी नेलं.

"निर्गुडीची बहीण दिसते ही."

"लांबची बहीण. एकाच कुळातल्या," आत्या म्हणाली. पण तिचा चेहरा उतरलेला होता. ती मकेनाकडे वळली. "मामा, वाईट बातमी आहे. पाठात लावायच्या झाडांची यादी दिलीय, त्यात मुहुरू नाही. फार सावकाश वाढतं ते. रानं झपाट्यानं उभी करायची आहेत."

मकेनाच्या हातातली झारी थांबली. "यादीत नाही म्हणजे पोरं हे झाड लावणार नाहीत?"

"लावणार नाहीत."

"आणि ही चार हजार लेकरं?"

आत्यानं जवळचं एक कलंडलेलं रोप सरळ केलं.

"सावकाश वाढतं हे तुम्हाला कोणी सांगितलं, दक्तारी?" (दक्तारी म्हणजे तिथल्या भाषेत डॉक्टर.)

"झाडानंच." आत्यानं कोपऱ्यातल्या उंच मुहुरूकडे बोट केलं. त्याच्या एका फांदीला दोराचा झोका टांगलेला होता. "गेल्या महिन्यात सुतारनं याची काडी काढली होती."

सुतार घसा खाकरल्यासारखा आवाज करून पुढं आला. पोकळ चोचीनं तो खोडात पार गाभ्यापर्यंत बारीक भोक पाडायचा आणि पेन्सिलीएवढी लाकडाची काडी बाहेर काढायचा. झाडाला ते डास चावल्याइतकंच, जखम आपोआप भरून यायची. त्यानं काडी चैतीच्या हातावर ठेवली. पट्टे पट्टे, पट्टे पट्टे, एखाद्या खारीच्या पाठीसारखे.

"सालीच्या आत एधा असते," आत्या सांगू लागली. (एधा म्हणजे नवं लाकूड घडवणारा झाडाचा जिवंत थर.) "पाऊस आला की एधेला उधाण येतं. ती भराभर फिकट, सैल लाकूड विणते. कोरडे दिवस आले की हात आखडते, गडद आणि घट्ट विणते. फिकट आणि गडद मिळून झालं एक वलय. आपल्या सागात पाहिलंयस ना तू? वलयं मोजली की वय कळतं. याला म्हणतात वृक्षवलयशास्त्र." (झाडाच्या वलयांवरून त्याचं वय आणि त्यानं पाहिलेलं हवामान वाचायचं शास्त्र.)

"एकूण वलयं सत्तेचाळीस," सुतार म्हणाला. "सबब वय सत्तेचाळीस वर्षं."

हे ऐकलं मात्र, आणि मकेना कमरेवर हात ठेवून अशी हसली, की झाडावरची पाखरं उडाली.

"अगं बाई! हे झाड मी माझ्या केंडीच्या जन्माच्या दिवशी लावलं. नाळ पुरली त्याच खड्ड्यात. केंडी या महिन्यात सव्वीस वर्षांची झाली. मग काय मी लेकीला एकवीस वर्षं पोटात ठेवली होती?"

"मामा, कधीकधी आठवणीत घोटाळा होतो..." आत्या हळूच म्हणाली.

मकेनाचं हसू विझलं. "दक्तारी, बियाणं कुठं ठेवलं ते विसरेन. लेक कधी झाली ते विसरेन होय?"

ती झारी उचलून निघून गेली.

चैतीचा आत्यावर विश्वास होता, आणि या बाईवरही बसला होता. दोघी खऱ्या, तर खोटं कोण? ती सुतारजवळ सरकली.

"सुतार, तू चुकला असशील का रे?"

"मी मोजतो ते चुकत नाही. मोजल्याचा अर्थ लावणं माझं काम नव्हे. तो डॉक्टर मडावींनी शिकवला."

चैती मकेनाच्या मागोमाग गेली. वाटिकेच्या पलीकडे छोटं शेत होतं. मकेना सरीतून घेवड्याचे दाणे टाकत चालली होती, ओठांत काही गुणगुणत. चैतीही दाणे टाकू लागली. थोड्या वेळानं मात्र तिच्यानं राहवेना.

"मामा, आता पेरता? काहून? आमच्याकडे पाऊस सरला. धान कापायला आलं."

सुतारनं दुरून भाषांतर केलं. मकेनानं वर पाहिलं. "आमचा धाकटा पाऊस यायचाय ना अजून! मोठा मार्चात येतो, मे सरता जातो. धाकटा ऑक्टोबरात येतो, डिसेंबरापर्यंत राहतो. दोन पाऊस, दोन पेरण्या, दोन सुगी. तुमच्याकडे किती?"

"एकच," चैती म्हणाली.

म्हणाली, आणि दाण्यांची मूठ तशीच हवेत राहिली. एक पाऊस, एक वलय. दोन पाऊस...

ती धावतच सुटली. "आत्या! आत्या वं! इथं पाऊस दोनदा येतो!"

"माहीत आहे गं. दोन्ही पावसांत छत्री घेऊन फिरलेय मी."

"मग झाडालाही माहीत असेल ना!"

आत्यानं काडीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे आई! तीन वर्षं इथं भिजले, आणि मोजायला बसले तेव्हा डोळ्यांत आलापल्लीचाच पाऊस. झाडाची पाटी वाचली गं मी, पण आपल्या गावच्या बाराखडीनं."

"पण इथंच दोन पाऊस काहून?"

आत्यानं तिला झोक्यावर बसवलं आणि एक हलका धक्का दिला. "हा झोका म्हणजे पावसाचा पट्टा. सूर्य वर्षभरात उत्तरेला जातो आणि दक्षिणेला येतो. पावसाचा पट्टा साधारण त्याच्यामागून झुलतो. आपण झोक्याच्या उत्तर टोकाशी राहतो. तिथं तो एका फेरीत एकदाच येतो. पण मेरू आहे विषुववृत्तावर, झोक्याच्या अगदी मध्यावर. मधून झोका किती वेळा जातो?"

"जाताना एकदा, येताना एकदा," चैती झुलत झुलत म्हणाली. "दोनदा!"

"मग सव्वीस वर्षांत किती वलयं व्हायला हवीत?"

"बावन्न!" चैतीनं पाय टेकून झोका थांबवला. "पण सुतार तर सत्तेचाळीस म्हणतो. पाच कमी."

तोवर मकेनाही येऊन उभी राहिली होती. चैतीनं काडी गाभ्याकडून उजेडात धरली आणि बोटानं वाचू लागली. मोठ्या पावसाचं वलय रुंद, धाकट्याचं अरुंद. वाचता वाचता तिच्या तोंडी आपोआप ठेका आला, जात्यावरच्या गाण्याला येतो तसा.

"धाकटी गं बहीण, थोरली बहीण, धाकटी गं बहीण, थोरली बहीण..."

कितीतरी वेळ ठेका सुरळीत चालला. मग ती अडखळली. "इथं दोन धाकट्या लागोपाठ. थोरली नाहीच आली."

"गाभ्यापासून कितव्या वर्षी?" मकेनानं विचारलं.

"सातव्या," सुतार म्हणाला.

"केंडीचा पहिला दात पडला ते वर्ष. मोठा पाऊस आलाच नाही. आम्ही गुरं डोंगरापलीकडे नेली होती."

चैती पुढं वाचत गेली. आता ती सालीजवळ आली होती. "इथं दोन थोरल्या लागोपाठ, धाकटी नाही."

"केंडी कॉलेजात गेली, त्या वर्षीचा घेवडा उगवलाच नाही."

पुन्हा एक. पुन्हा. आणखी एक. दर वेळी चैतीचा ठेका तुटायचा, आणि दर वेळी मकेना तो पाऊस नावानिशी सांगायची. कुठली विहीर आटली, कोणाचं लग्न पुढं ढकललं, सगळं. एकूण पाच. त्यांतली चार शेवटच्या नऊ वर्षांतली.

आत्या पुढं आली आणि मकेनासमोर हात जोडून उभी राहिली. "मामा, तुमची आठवण चुकली म्हणाले, ती माझी चूक. तुम्ही आणि हे झाड एकच वही लिहिताय."

मकेनानं तिचे जोडलेले हात सोडवले. "हात नका जोडू. यादीचं बोला."

"यादीचं बोलू. पण एक झाड म्हणजे एकच साक्षीदार. सुतार, बांधावर आणखी पाच मुहुरू आहेत, त्यांच्याही काड्या काढ."

दुपारभर टकटक चालली. मकेनानं एकेक झाड कधी लावलं ते सांगितलं, चैतीनं ठेका धरला. एका झाडात एक वलय इतकं पुसट होतं, की सुतारलाही भिंग लावावं लागलं. पण पाचही झाडांचा ठेका तुटला त्याच त्या जागी.

"आत्या, एखाद्या वर्षी पाऊस चुकतोच की आपल्याकडेही. मग हवामान बदललं असं कधी म्हणायचं?"

"एखादे दिवशी तू रुसलीस, तर ती तुझी लहर. वर्षानुवर्षं रुसूनच राहिलीस, तर म्हणू, चैतीचा स्वभाव बदलला. लहर म्हणजे रोजची हवा. स्वभाव म्हणजे हवामान. माणसानं कोळसा नि तेल जाळून कार्बनच्या वायूची गोधडी पृथ्वीला पांघरली, त्या उबेनं तिचा स्वभाव बदलतोय. एवढी पाच-सहा झाडं सगळा निकाल देणार नाहीत, पण साक्ष चांगली देतात. आणि झाड तोच वायू हवेतून घेतं आणि त्याचं लाकूड करतं. गोधडीचा एकेक धागा उसवून पोटात ठेवतं म्हण."

"मग मुहुरूनं सत्तेचाळीस वर्षांत नाही, सव्वीस वर्षांतच एवढे धागे उसवले!"

"म्हणजे आम्ही समजत होतो त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगानं. पाच पाऊस चुकूनसुद्धा."

मकेनानं झाडाच्या खोडावर थाप दिली, शर्यत जिंकलेल्या बैलाला द्यावी तशी.

पाच वाजले होते. आत्यानं पेटी उघडली. उजेडाचं झाड उभं राहिलं. तिनं पहिल्याच पाठातली ओळ काढून टाकली. एक वलय म्हणजे एक वर्ष, ही ओळ. तिच्या जागी प्रश्न घातला, 'तुमच्या गावी पाऊस वर्षातून किती वेळा येतो? आधी तिथल्या जाणत्या माणसाला विचारा, मग वलयं मोजा.' यादीत मुहुरू बसलं. आणि खोडाला हात लावला की आता मकेनाचा खणखणीत आवाज ऐकू येणार होता, केंडीच्या दाताच्या गोष्टीसकट.

"सत्तावीस शाळांतली पोरं माझं ऐकणार?" मकेनानं विचारलं.

"आणि मग आपापल्या गावच्या मामांचं ऐकतील," आत्या म्हणाली.

सहाला पेट्या गेल्या. पश्चिमेला पर्वताच्या टोकावर ऊन रेंगाळत होतं. मकेनानं एक काळी पिशवी उचलली, चैतीच्या हातात कुदळ दिली आणि बांधावरची जागा दाखवली. चैतीनं खड्डा केला, पिशवी फाडली, रोप बसवलं आणि दोन्ही तळव्यांनी माती दाबली. मातीला गार, ओलसर वास येत होता.

"याचं नाव चैती," मकेना म्हणाली. "दहा वर्षांनी ये. वीस वलयं मोजायला."

"आणि एकोणीसच भरली तर?"

"तर कोणता पाऊस चुकला ते मी सांगेन."

"एकवीस भरली तर?"

मकेनानं सुतारकडे पाहिलं, सुतारनं आत्याकडे, आणि आत्यानं चैतीकडे.

"मग का भरली, ते तू आम्हाला सांग," आत्या म्हणाली.