मधल्या फळ्या

रमाबाई गजभियेंनी भूतखेतांना जन्मभर उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. नागपुरात त्या शाळेत शिकवत. आत्मा असतो का, असं एखाद्या पोराने विचारलंच तर 'आणून दाखव, मग मानते' म्हणून त्याला गप्प करत.

निवृत्त झाल्यावर दोघं नवराबायको मुलाकडे, अमेरिकेत पिस्कॅटवेला आले. प्रितम पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याचे बाबा, सुभाषराव, इथे एका किनाऱ्यावरच्या जुन्या लाकडी धक्क्याच्या प्रेमात पडले. तिथले लोक त्याला पिअर म्हणत. टोकाशी गळ टाकून बसणारे गोरे म्हातारे त्यांना सरकून जागा देत. ब्याण्णवच्या डिसेंबरात वादळ आलं, धक्क्याचा मधला भाग कोसळला आणि त्याच्याबरोबर सुभाषरावही गेले. सापडलेच नाहीत. टोक तेवढं पाण्यात एकटं उभं राहिलं.

रमाबाई नागपूरला परत गेल्या नाहीत. दर शनिवारी वाळूतल्या बाकावर बसून त्या टोकाकडे बघत राहायच्या. डबा तसाच घरी यायचा. आईने एकदा समुद्राकडे पाठ करून घरी यावं, एवढंच प्रितमला हवं होतं.

एकदा त्या अगदी सहज म्हणाल्या, "तुझे बाबा तिथं उभे आहेत."

प्रितमने वळून टोकाकडे पाहिलं.

"आत्मा नसतो, हे मला नको सांगूस. मीच तुला शिकवलंय. पण ते उभे आहेत. मधे फळ्याच नाहीत, येतील कसे?"

पुढच्या शनिवारी त्याने दुर्बीण नेली. टोकावर माणूस नव्हता. कठड्यावर समुद्रपक्षी दाटीवाटीने बसले होते. मधे एका माणसापुरती जागा रिकामी होती. पक्षी येत, त्या जागेवर घिरट्या घालत आणि दुसरीकडे घुसत. आईला त्याने हे सांगितलं नाही.

पंचाण्णवमध्ये गावाने धक्का पुन्हा जोडायचं ठरवलं. आपल्या माणसाच्या नावाची एक फळी द्या, नाव कोरून मिळेल, असं आवाहन निघालं. रमाबाईंनी फळ्या दिल्या, पण नाव कोरू दिलं नाही. "त्यांना वाचायला नको आहे, पाय ठेवायला पाहिजे," म्हणाल्या. प्रितम वीकेंडला फुकट ड्रॉइंग करून देऊ लागला. मित्र विचारत, तेव्हा कम्युनिटी वर्क म्हणायचा. खरं काय ते स्वतःशीही बोलला नाही.

उद्घाटनाला लख्ख ऊन होतं. बँड, फुगे, पोरांचा गोंगाट. प्रितमला फाटकाशी थांबवून रमाबाई एकट्याच टोकापर्यंत गेल्या. कठड्याशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि वळल्या.

येताना त्या फार हळू चालत होत्या. डावी बाजू मोकळी सोडून. गर्दी बाजूला होत होती, एका म्हातारीला जेवढी जागा लागते त्याहून जास्तच.

प्रितमची नजर फळ्यांवर गेली. सडपातळ आईच्या पायाखाली त्या हलतही नव्हत्या.

तिच्या डावीकडच्या मात्र एकेक करून दबत होत्या आणि वर येत होत्या.

त्याने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं, तर आई मागे बसली, त्याच्या सीटमागची जागा मोकळी सोडून.

"चल," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला, आणि प्रितमला रडू आलं. "हळू घे. त्यांना गाडी लागते."

प्रितमने आरशात पाहिलं नाही. आपली सीट तेवढी थोडी पुढे सरकवली. मागून गुडघे लागत होते.