नऊ टक्क्यांची ग्रेनाश

वामनरावांनी जीभ बाहेर काढली आणि हेमलता गांगुर्डेने तिच्यावर रसनापट्टी ठेवली. नखाएवढी ती चकती लाळ आणि रुचिकलिका तपासायची, मग चाळीस जाणकारांच्या जुन्या नोंदींशी ताडून सांगायची, या माणसाला कुठली वाइन किती आवडेल. वायनरीच्या काउंटरमागच्या पडद्यावर आकडे उमटले. पलूसची शेनिन एक्क्याण्णव टक्के, दिंडोरीची शिराझ चौऱ्याहत्तर. इथल्या टेकडीवरची ग्रेनाश नेहमीप्रमाणे तळाला, नऊ टक्के.

नऊ! हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वेली तिने बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी लावल्या होत्या. पट्टी येण्याआधी ती पाहुण्यांशी गप्पा मारायची, घरी कालवण कुठलं आवडतं ते विचारायची आणि त्यावरून बाटली काढायची. आता दहा टक्क्यांखालची वाइन पाहुण्याला ओतायचीच नाही, असा नियम होता. ओतलीच नाही तर खपणार कशी? सोमवारी वेली उपटायला टेकडीवर जेसीबी येणार होता.

"मला ती तळातली द्या," वामनराव म्हणाले. ते सिन्नरचे निवृत्त पोस्टमास्तर. "पत्ता चुकलेली पत्रं सांभाळण्यात जन्म गेलाय माझा."

हेमलताने लगेच बाटली उघडली. व्यवस्थापक सबनीस धावत आला. "ताई, नियम माहीत आहे ना?"

"चुलीत घाला तो नियम!"

वामनरावांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "झकास! करवंदांची आठवण झाली." खुशीत त्यांनी काउंटरवरच्या वाटीतली चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली, ती चघळून दुसरा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अहो, आता कडू का लागतेय?"

"बघा," सबनीस हसला. "यंत्र चुकत नाही."

हेमलता मात्र त्या वाटीकडे पाहत राहिली. जाणकारांना इथे बोलावून यंत्रासाठी नोंदी घेतल्या त्या दिवशी बाकीच्या सगळ्या वाइन जेवणाआधी चाखून झाल्या होत्या. एकटी ग्रेनाश जेवणानंतर. आणि मधल्या वेळात बडीशेपेचं तबक घेऊन चाळीसही जणांना "घ्या ना, घ्या" असा आग्रह करत कोण फिरलं होतं? तीच. जेवलेल्या पाहुण्याला बडीशेप न देता कोण उठू देतं?

"सबनीस, त्या नोंदी पुन्हा घ्या. सगळ्यांच्या तोंडात बडीशेप होती त्या दिवशी. चूक माझी आहे, वेलींची नाही!"

"यंत्रणा दोनशे दुकानांत बसलीय, ताई. आणि लोकांना ग्रेनाश नकोच आहे."

"चाखूच दिली नाहीत, तर नको कशी म्हणतील? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. तिने वामनरावांपुढे पाण्याचा ग्लास आदळला. "तुम्ही चूळ भरा काका. पुन्हा चाखा आणि सांगा यांना."

वामनरावांनी निमूटपणे चूळ भरली, प्याला उचलला. ओठांपाशी नेताना त्यांची नजर पडद्यावरच्या नऊच्या आकड्यावर गेली आणि तिथेच अडकली. त्यांनी प्याला हळूच खाली ठेवला.

"ताई," ते ओशाळून म्हणाले, "मघाशी मला खरंच आवडली होती का हो?"