यादीतून खोडलेला नंबर

वहिनींचं एक पत्र जवळजवळ दहा आठवडे माझ्या टेबलावर पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

का दिलं नाही, ते आज सांगतो. यातलं एक अक्षरही मनचं नाही. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता सवय अशी लागली, की स्वतःचं वाक्यसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय खरं वाटत नाही. पण हे मेसेज मी शंभरदा वाचलेत. ते अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

आमच्या चर्चचे मेसेज मी पाठवतो. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते, म्हणून पाळकसाहेबांनी हे काम मला दिलं. वहीत एकशे चाळीस नंबर. दर रविवारी सकाळी सहा वाजता उपासनेची वेळ आणि आजारी माणसांची नावं कळवायची.

पण त्याआधी एक रीत होती. एकदा किल्ली हरवली आणि साठ माणसं थंडीत कुडकुडत बाहेर उभी राहिली. तेव्हापासून घंटी वाजवणाऱ्याने आधी दार उघडायचं, मला तसं कळवायचं, आणि मगच मी बाकीच्यांना बोलवायचं.

घंटीवाला माझ्याच वयाचा. मोठा चेष्टेखोर. त्याचा मेसेज ठरलेला असायचा.

"दार उघडलं, मास्तर. उठा आता, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत."

एका शुक्रवारी पहाटे झोपेतच तो गेला. शनिवारी दुपारी त्याला पुरलं. मी स्वतः मूठभर माती टाकली.

रविवारी सकाळी, सहाला पाच मिनिटं कमी असताना... फोन वाजला.

त्याचाच नंबर.

"मास्तर, किल्ली कोणाकडे?"

मला वाटलं, त्याच्या बायकोने, वहिनींनी, मुलीकडून लिहून घेतलं असेल. एवढ्या दुःखातही चर्चची काळजी. मी लिहिलं, "सुताराकडे दिली आहे. तुम्ही काळजी करू नका."

लगेच उत्तर आलं.

"बरं झालं. इथे खूप अंधार आहे."

घरची वीज गेली असेल, असं मी धरून चाललो!

सोमवारी वहिनी मुलीकडे दुसऱ्या गावी गेल्या. बुधवारी त्यांचं पत्र आलं. त्यांनी कधी फोन वापरला नाही. पत्रच लिहायच्या.

"भाऊ, यांचा फोन कोटाच्या आतल्या खिशात राहिला. कोटाला इस्त्री मीच केली, पण खिसा बघितला नाही. आता तो यांच्याजवळच आहे. तुम्ही रविवारी त्या नंबरवर मेसेज पाठवता ना? तिकडून काही येतं का? मी रोज संध्याकाळी यांच्या फोटोशी बोलते. मुलगी म्हणते, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. कोणी ऐकतं की नाही, एवढंच मला हवंय. फक्त हो किंवा नाही कळवा."

मी पत्र तीनदा वाचलं.

हो लिहावं, तर ती बाई उरलेलं आयुष्य त्या कबरीपाशी बसून काढणार. नाही लिहावं, तर ते खोटं.

मी काहीच लिहिलं नाही. मला तेच सगळ्यात सोपं जातं.

दर रविवारी, सहाला पाच कमी... फोन वाजतच राहिला.

"आज फार थंडी आहे."

"घंटीचा दोर वर विरलाय. बघायला सांगा."

सुताराने शिडी लावून पाहिलं. वरचे धागे खरंच सुटले होते. खालून ते कोणालाच दिसले नसते.

एकदा चार्ज केला की त्याचा फोन चार दिवसांच्या वर चालत नसे. आणि हा सहावा आठवडा होता.

सातव्या रविवारी सुतार चर्चच्या पायरीवरच भेटला.

"मास्तर, तुम्ही येऊन गेलात का सकाळी?"

"नाही."

"थट्टा नको. दार सताड उघडं आहे. प्रत्येक खुर्चीवर गीतपुस्तक ठेवलंय."

"तुम्हीच उघडलं असेल."

"अहो, आत्ता येतोय मी! आणि किल्ली ही बघा, कमरेला!"

गीतपुस्तकं उलटी ठेवली होती. छापलेलं नाव खाली, कोरी बाजू वर. घंटीवाला तशीच ठेवायचा.

शेवटी दहाव्या आठवड्यात मी पाळकसाहेबांना फोन दाखवला. त्यांनी सगळे मेसेज वाचले.

"कोणीतरी खोडसाळपणा करतंय. नंबर खोडून टाका."

"पण साहेब, फोन तर त्याच्याबरोबर..."

"मास्तर, खोडा म्हणतो ना!"

फोन परत देताना त्यांनी तो दोन बोटांत धरला होता. मग बोटं रुमालाला पुसली.

त्या संध्याकाळी मी वहीतला नंबर लाल शाईने खोडला. पुढच्या रविवारी एकशे एकोणचाळीस जणांनाच मेसेज गेला.

सहाला पाच कमी झाले. सहा झाले.

काहीच नाही.

मला हायसं वाटलं. दोन कप चहा प्यायलो.

उपासना सुरू झाली. सगळ्यांच्या माना प्रार्थनेला खाली गेल्या. एवढी शांतता, की शेजारच्या म्हातारबाबांचा श्वास ऐकू यावा. आणि खिशात... फोन थरथरला.

"आज मला मेसेज आला नाही. विसरलात का, मास्तर?"

मी मान वर केली. सगळ्या चर्चमध्ये एकट्या माझीच मान वर होती.

फोन पुन्हा थरथरला.

"ती रोज विचारते. मला ऐकू येतं. इथून तिला उत्तर देता येत नाही. तुम्हाला येतं."

मी प्रार्थना संपायची वाट पाहिली नाही. घरी आलो. वहीत तो नंबर पुन्हा नीट अक्षरांत लिहिला. मग कागद घेतला. एक लांबलचक पत्र लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. तिसऱ्यात चारच शब्द उरले.

"हो, वहिनी. ते ऐकतात."

मी बरं केलं की वाईट, मला ठाऊक नाही. अजूनही नाही.

टपालपेटी आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि माझा हात थबकला. वाटलं, परत घ्यावं.

तेवढ्यात पाकीट आत गेलं.

मी ते सोडलं, की आतून कोणी ओढून घेतलं, ते मला नक्की सांगता येत नाही.