चौथं झाकण

दत्तोपंत खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्याच्या घरी चहा फिका झाला तरी तोंडावर सांगायचे. म्हणूनच हे सगळं खरं मानावं लागतं.

साल १९५२. गौरी यायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. जागा, नर्मदेकाठची धरमपुरी.

दत्तोपंत तिथल्या टेलिफोनचं काम बघायचे. गावात फोन तीनच. ठाणं, दवाखाना आणि घाटावरचा नाका. त्यांना आपसात बोलायचं असलं तरी जोडणी व्हायची ती धारच्या मोठ्या बोर्डावरून.

आणि दुपारपासून धार मुकं झालं होतं. पावसात वाटेत कुठेतरी तार तुटली होती.

एरवी दत्तोपंतांनी कुलूप लावून घरचा रस्ता धरला असता. पण पलीकडे, निमाडच्या काठावर, एक बाई बाळंतपणात अडली होती. तिला नावेतून आणायचं ठरलं होतं. नाव लागली की नाक्यावरून दवाखान्यात फोन करायचा, आणि नर्सबाईंनी तडक घाटावर यायचं.

नर्सबाई म्हणजे दत्तोपंतांची बायको, सुमंगला.

फोन चालू राहायलाच हवे होते.

दत्तोपंतांनी अडगळीतून संस्थानाच्या वेळचा जुना बोर्ड ओढून काढला. पुसला. गावातल्या तिन्ही तारा धारच्या लाइनीवरून सोडवून त्याला जोडल्या. बोर्डाला चार भोकं होती, प्रत्येकावर एक पितळी झाकण. कुणी आपल्या फोनची मूठ फिरवली की त्याचं झाकण खट्‌कन पडायचं. मग तिथे दोरी खोचून विचारायचं, कोण हवंय.

चौथ्या भोकाला तारच नव्हती.

त्यांनी पहिल्यांदा नाका लावून बघितला. तिथे कारकून जयसिंगराव बसले होते.

"पंत, कमाल कर दी भिया! एकदम साफ ऐकू येतंय."

"नाव दिसतेय का?"

"कुठली नाव! नदी भयंकर चढलीये. पलीकडचा काठच दिसत नाही."

दत्तोपंतांनी दोरी काढली. कंदील जवळ ओढला.

आणि तेवढ्यात...

खट्.

चौथं झाकण पडलं होतं.

जुना बोर्ड, स्प्रिंग सैल झाली असेल. त्यांनी झाकण वर केलं.

खट्.

त्यांनी कंदील घेऊन बोर्डाच्या मागे बघितलं. चौथ्या भोकामागे काही नव्हतं. फक्त कोळ्याचं जाळं... तेही जसंच्या तसं.

झाकण तिसऱ्यांदा पडलं, तेव्हा त्यांनी दोरी खोचली.

आधी नुसतं पाणी ऐकू आलं. जड, संथ, खोल पाणी.

मग लांबून एक पुरुषाचा आवाज...

"घाट जोडा."

"कोण बोलतंय? धार का?"

"घाट जोडा."

दत्तोपंतांना वाटलं, धारच्या लोकांनी काहीतरी खटपट करून वाट काढली असेल. पुराचा निरोप असेल. थांबून चालणार नाही. त्यांनी घाट जोडला.

जयसिंगरावांचा आवाज आला. "हां... हां जी... आलो."

बस, एवढंच.

त्यानंतर घाटाच्या तारेवरूनही पाण्याचाच आवाज यायला लागला. दत्तोपंतांनी मूठ फिरवफिरव फिरवली. हाका मारल्या. जयसिंगराव परत बोलले नाहीत.

खट्.

पुन्हा चौथं.

"दवाखाना जोडा."

दवाखान्यात सुमंगला होती.

"नाही जोडणार," ते म्हणाले.

पलीकडचा पाण्याचा आवाज थांबला.

मग अगदी कानाला लागून, कुणी शेजारी बसावं तसा आवाज आला.

"बरं."

दत्तोपंतांनी सगळ्या दोऱ्या उपटून काढल्या. चौथं झाकण बोटानं दाबून धरलं. ते पुन्हा पडलं नाही. मग सुमंगलेला सावध करावं म्हणून एकच दोरी दवाखान्याला लावली आणि मूठ फिरवली. कंपाउंडर मल्हाररावांनी फोन उचलला.

"मल्हारराव, हिला फोनवर बोलवा जरा."

"बाई तो निकल गईं, पंत. आत्ताच तर तुमचा फोन आला."

"माझा?"

"मीच उचलला ना! तुमचाच आवाज. म्हणालात, बाईंना द्या. त्यांनी ऐकलं, आणि तशाच धावत सुटल्या... घाटाकडे."

दत्तोपंत अनवाणीच पळाले.

घाटावर नाक्याचं दार उघडं होतं. फोनचा चोंगा तारेला लोंबकळत होता. पायरीवर जयसिंगरावांच्या चपला होत्या, नीट जोडीनं काढलेल्या. तोंडं पाण्याकडे.

जयसिंगराव नव्हते.

आणि खाली, कमरेएवढ्या पाण्यात, सुमंगला होती. ती पुढे चालली होती. सावकाश... वाट पायाखालची असावी तशी.

"सुमंगला!"

ती थांबली. मागे वळली. दत्तोपंतांकडे बघितलं. मग पुन्हा समोरच्या पाण्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"अहो... तुम्ही इथे?" ती म्हणाली. "मग तिथे कोण उभं आहे?"

दत्तोपंतांनी तिकडे बघितलं नाही. उडी घेतली, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत वर आणलं. वर येईपर्यंत मान वळवली नाही.

नाव त्या संध्याकाळी पलीकडून सुटलीच नव्हती. नावाड्याची हिंमत झाली नाही. ती बाई तिकडेच मोकळी झाली, मायलेकरं सुखरूप राहिली. जयसिंगराव मात्र सापडले नाहीत. खालच्या सगळ्या घाटांवर माणसं पाठवली, पण चिंधीसुद्धा हाती लागली नाही.

धारची तार जोडून झाली, तसा दत्तोपंतांनी बदलीचा अर्ज केला. ते देवासला आले, तिथेच स्थायिक झाले.

सुमंगलाताईंनी त्या दिवशीचं सगळं सांगितलं. धावत कशा गेल्या, पाणी कसं गार लागलं नाही, समोर उभा असलेला माणूस कसा हात पुढे करत होता. फोनवर काय ऐकलं, तेवढं सांगितलं नाही.

दत्तोपंतांनी एकदाच विचारलं होतं.

"तुम्हीच तर म्हणालात..." असं म्हणून त्या थांबल्या. पदर तोंडात कोंबला आणि आत निघून गेल्या.

त्यांनी परत विचारलं नाही. पण ते मनातून गेलंही नाही. आपल्या आवाजात असं काय बोललं गेलं असेल, की ही बाई मागे न बघता पाण्यात उतरली...

ते कधी कधी बोलता बोलता मध्येच थांबायचे. स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखे.