हुकावरचं जाळं

"पुढची सीट माझी!" म्हणत विहंग जीपमध्ये घुसला.

"उतर! जीप माझ्या बाबांची आहे." तन्वीने त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. "उद्या बाबांच्या शेजारी मी बसणार. तू मागे, पाण्याच्या कॅनबरोबर."

"मावसबहीण आहेस की थानेदार?"

"दोनों चुप!" गरिमा ओरडली. शेजारची असली तरी या दोघांच्या भांडणात ती घरच्यासारखी पडायची. "इकडे या. ये देखो जरा!"

दसऱ्याची दुपार होती. माधवगंजातल्या मंडळाच्या पटांगणात दगडधोंड्यांतून जीपा फिरवणाऱ्या ग्रुपच्या सगळ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. गळ्यात झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. उद्या सकाळी स्वारी निघणार होती तिघऱ्याच्या धरणापलीकडे, घोडेउतारावर. रस्ता नाही, नुसते दगड, आणि शेवटी छातीत धडकी भरवणारा उतार. तन्वीच्या बाबांनी, म्हणजे गुरुप्रसादांनी, जुनी जीप नुकतीच विकत घेतली होती. त्यांची ही पहिलीच स्वारी. आठवडाभर ते घरात शिट्ट्या मारत फिरत होते.

गरिमा जीपच्या पुढे उकिडवी बसली होती. बंपरखाली एक जाडजूड लोखंडी हूक होता. गाडी चिखलात रुतली, की दोर अडकवून ओढायचा तो हूक. आणि त्या हुकावर कोळ्याचं जाळं होतं! चांगलं जुनं, धुळीने भरलेलं, मध्ये एक वाळकी माशी.

"मग? कोळ्याने पण दसरा साजरा करू नये का?" विहंग म्हणाला.

तन्वी मात्र हसली नाही. तिचं डोकं गरगरायला लागलं. कारण ग्रुपचा नियम तिला पाठ होता. ग्रुपमधले जुनेजाणते मानसिंगराव किंवा कृष्णराव, दोघांपैकी कुणीतरी एकजण प्रत्येक गाडी तपासायचा. ब्रेक दाबून, स्टेपनी ठोकून, हूक दोन्ही हातांनी हिसका मारून. गाडी पास झाली की मागे उभ्या असलेल्या मंडळाच्या इंदुताई बॉनेटवर कुंकू लावायच्या. कुंकू नाही तर गाडी फाटकाबाहेर नाही!

"कुंकू आहे," तन्वी पुटपुटली, "म्हणजे तपासली. जाळं आहे, म्हणजे हुकाला कुणी हातच लावला नाही. मग तपासली की नाही?"

"यार, माझं डोकं दुखायला लागलं," विहंग म्हणाला.

"अजून दुखेल. मागच्या चाकाजवळ ये!" गरिमाने बोलावलं. चाकाच्या आतल्या बाजूने काहीतरी ओघळलं होतं. फरशीवर ओला डाग पडला होता.

"एसीचं पाणी," विहंग म्हणाला.

"या खटाऱ्यात एसी आहे?" तन्वीने बोट लावून पाहिलं. बुळबुळीत! ब्रेकचं तेल तर नाही?

तिघं शेजारच्या जीपकडे धावली. तिच्या हुकावर मातीचा वाळलेला थर. त्याच्या पुढच्या जीपची स्टेपनी विहंगने दाबली, तर ती उशीसारखी आत गेली. तिच्यावरही कुंकू! जिकडेतिकडे कुंकू!

मानसिंगराव फौजेतून निवृत्त झालेले, ग्रुपचे म्होरके. ते तंबूच्या दोऱ्या गुंडाळत होते.

"काका, बाबांची जीप तुम्ही तपासली?"

"मी सकाळी आलो तेव्हा सगळ्यांवर कुंकू होतं. कृष्णरावांनी उरकलं असणार. पळा आता."

कृष्णराव मंडळाच्या ओट्यावर चहा पीत बसले होते.

"मी? नाही गं. कुंकू बघितलं नाहीस? मानसिंगरावांचं काम. फौजी माणूस, पहाटेच उरकलं असेल."

तन्वी दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिला कळेना, की आता वेडं कोण. हा म्हणतो त्याने, तो म्हणतो ह्याने. मग कुंकू काय आपोआप उगवलं?

"इंदुताईंना विचारू," गरिमा म्हणाली.

इंदुताई आपट्याची पानं वेगळी करत होत्या. "मी कधी लावलं म्हणजे? काल खंडेनवमी नव्हती का? वाहनांची पूजा केली, सगळ्या गाड्यांना लावलं. सणाच्या दिवशी एकीला लावायचं आणि एकीला नाही, असं करतात होय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे ते पूजेचं कुंकू!" विहंगचा आवाज चिरकला. "तपासणीचं नाहीच! कुणीच काही तपासलं नाही!"

इंदुताईंना ऐकू कमी यायचं. "हो हो, श्रीखंड आहे ना, घ्या," त्या म्हणाल्या.

तन्वी धावत बाबांकडे गेली. सगळं सांगितलं. बाबांच्या कपाळावर आठी पडली.

"चार माणसांत माझी जीप खराब आहे म्हणून सांगत फिरतेस? मोठ्यांनी बघितलंय ना? झाशीच्या रस्त्यावर मी डोळे मिटून गाडी चालवतो. वीस वर्षांचा अनुभव आहे माझा!"

मोठ्या माणसांना हा रोगच असतो. कोडगेपणाने एकमेकांवर ढकलायचं, आणि लहानांनी विचारलं की वय काढायचं! तन्वी परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. जीप अडवली तर बाबांची मान खाली जाणार. नाही अडवली तर...

"उद्या तू बसणार त्यांच्या शेजारी?" गरिमाने हळूच विचारलं.

"बसणार," तन्वी म्हणाली. मग तिने नाक पुसलं. "पण जीपला ब्रेक असतील तरच. विहंग, उद्या सकाळी ओलं फडकं घेऊन ये."

सकाळी पटांगणात हाहाकार उडाला.

"कुंकू पुसलं! सगळ्या गाड्यांचं!" इंदुताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "कुणी केला हा अपशकुन?"

"मी," तन्वी पुढे आली.

"मी पण," गरिमा म्हणाली. विहंगने फडकं पाठीमागे लपवलं, मग लाजून तेही पुढे धरलं.

"तन्वी!" बाबा गरजले.

पण तन्वी मानसिंगरावांकडे वळली. आवाज मोठा निघाला. "काका, नियम तुमचाच. कुंकवाशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही. मग लावा परत! पण आधी सांगा, कुणी तपासल्या?"

मानसिंगरावांनी कृष्णरावांकडे बोट केलं. त्याच क्षणी कृष्णरावांनी मानसिंगरावांकडे केलं. दोन्ही बोटं हवेत तशीच राहिली.

इंदुताईंना बोटं मात्र स्पष्ट दिसली. त्यांनी करंड्याचं झाकण खटकन बंद केलं. "मेल्यांनो, माझ्या कुंकवावर भरवसा ठेवून दगडधोंड्यांत जायला निघालात? आता तपासल्याशिवाय चिमूटभर मिळणार नाही."

मानसिंगराव गुरुप्रसादांच्या जीपमध्ये चढले. ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा पाय थेट खाली टेकला. "ब्रेकचं तेल गळून गेलंय," ते म्हणाले. मग बाबांकडे वळले. "गुरुप्रसाद, घोडेउतारावरून खाली कसा येणार होतास?"

"त्यात काय? न्यूट्रलला टाकायची. आपोआप उतरते, पेट्रोलही वाचतं."

कुणीतरी हसलं.

"उतारावर गाडीला इंजिन धरून ठेवतं," मानसिंगराव हळू आवाजात म्हणाले. "लो गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय आवरायचा. न्यूट्रलला टाकलीस की तिला धरणारं कुणी नाही. आणि ब्रेकही नव्हते. हे तुला विचारायचं काम माझं होतं. विचारलं नाही."

बाबांनी जीपकडे पाहिलं. मग शेजारच्या सीटकडे पाहिलं.

"तन्वे, मी चिडेन याची भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

"मग?"

"तुमच्या शेजारी बसायचं होतं."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तपासणी संपेपर्यंत ऊन वर आलं. दोन जीपा मागेच राहिल्या, त्यांतली एक बाबांची. "आमच्या मिशा पिकल्या, पण डोळे उघडे या पोरांचे," मानसिंगराव सगळ्यांसमोर म्हणाले, आणि तिघांना कडक सॅल्यूट ठोकला. इंदुताईंनी करंडा तन्वीच्या हातात दिला. "पुढच्या वेळेपासून तूच लाव. हूक ओढल्याशिवाय बोट बुडवायचं नाही!"

मानसिंगरावांच्या जीपमध्ये पुढची एक सीट रिकामी होती.

"बस ना," विहंग मोठ्या मनाने म्हणाला. "तुझा हक्क आहे."

तन्वीने मागे पाहिलं. बाबा पाण्याच्या कॅनच्या गर्दीत गुडघे पोटाशी घेऊन, ओशाळून बसले होते.

"तूच बस," ती म्हणाली, आणि एक कॅन मांडीवर घेऊन बाबांच्या शेजारी घुसली.